वाटीतले दोन बोल्ट

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत कुणी आजारी पडलं तर चौकशीला यायला लोकांना दोन दिवस लागतात. कुणाची गाडी उघडली तर दोन मिनिटं पुरतात. पान्याचा पहिला आवाज झाला की समोरच्या, शेजारच्या, कोपऱ्यावरच्या दारांतून पुरुषमंडळी बाहेर येतात, हात मागं बांधतात, गाडीत डोकावतात आणि "हं" म्हणतात. हे "हं" फार महत्त्वाचं असतं. ते एकदा म्हटलं की माणूस जाणकार धरला जातो. मी चौदा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे, पण नुसत्या "हं"वर इतका मान मला एकाही वर्गात मिळालेला नाही.

त्या रविवारी उघडलेली गाडी आमचीच होती. ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडं, सीट पार मागं सरकवलेली, आणि दारातून बाहेर आलेले दोन पाय माझ्या सासऱ्यांचे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी सत्तरी ओलांडलीय. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवली आणि शेवटची काही वर्षं अख्ख्या मशीनशॉपवर देखरेख केली. त्यांच्या हातून गेलेलं काम कधी परत आलं नाही, असं ते स्वतः सांगत नाहीत. ते सांगायला घरात आम्ही बाकीचे आहोत. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, हॉलमधला पंखा असो, मामा "झालं" म्हणाले की ते झालेलं असतं. पंखा दुरुस्त केल्यापासून खटखट वाजतो, पण मामा "झालं" म्हणालेत, त्यामुळं तो आवाज आमच्यापैकी कुणाला ऐकू येत नाही.

गाडीचं दुखणं असं होतं की वळण घेताना स्टिअरिंगमधून टकटक आवाज यायचा. आधी कधीमधी, मग प्रत्येक वळणाला, आणि त्या आठवड्यात हर्सूल तलावाजवळच्या वळणावर चाक माझ्या हातात क्षणभर सैलच लागलं. गॅरेजवाल्यानं नुसतं ऐकून सांगितलं, कपलिंग गेलंय. कपलिंग म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा. आपण वर हातानं चाक फिरवतो, ते फिरणं खाली पुढच्या चाकांपर्यंत पोचवणारा. त्याची दोन टोकं दोन दांड्यांच्या दात्यांवर बसतात, आणि प्रत्येक टोकाला एकेक बोल्ट आडवा आवळला की ते तिथून हलत नाही. म्हणजे बोल्ट दोन. त्या दिवशीचा सगळा घोळ या दोनात आहे.

गॅरेजवाला गुरुवारनंतरची वेळ देत होता. मामा म्हणाले, "दोन बोल्टांचं काम हाय. त्याला गॅरेज कशाला?" आमच्या घरात या वाक्यानंतर गॅरेजचं नाव काढायचं नसतं. नवं कपलिंग शनिवारीच आणून ठेवलं.

आता मी हे इतकं जिवाला का लावून घेतलं ते सांगते. माझी शाळा हर्सूलच्या पुढं, फाट्यावरून आतल्या एका गावात आहे. गावाला एसटी आहे. ती दुपारी येते आणि दुपारीच परत फिरते. शाळेशी तिला काही देणंघेणं नाही. तीन वर्षं मी शेअरिंगच्या जीपनं गेले. नऊ माणसांच्या जागेत पंधरा, मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी पिशवी, आणि फाट्यापासून पुढं पायी. गेल्या वर्षी मी गाडी शिकले आणि आमची जुनी गाडी माझ्याकडं आली. नावावर नवऱ्याच्या, हातात माझ्या. पायांची सूज उतरली. संध्याकाळचा चहा मी संध्याकाळीच प्यायला लागले. आणि खरं सांगायचं तर गाडीतला तो पाऊण तास ही दिवसातली एकच वेळ होती, जेव्हा मला कुणी हाक मारत नसे.

शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये बैठक बसली. सासूबाई, म्हणजे आत्या, म्हणाल्या, "म्हणलं नव्हतं म्या? बाईच्या हाताखाली गाडी टिकत नाय." गाडी बारा वर्षं जुनी होती आणि त्यातली अकरा वर्षं ती पुरुषांच्याच हाताखाली होती, पण हे मी मनातच म्हटलं. नवऱ्यानं त्याच्या ऑफिसातल्या एका साहेबांना गाडीबद्दल बोलून ठेवलं होतं, तेही मला तिथंच कळलं. "उद्या सहाला बघायला येतायत. तोवर नीट झाली तर ठेवू. नाही झाली तर आहे तशी देऊन टाकू," तो म्हणाला. "तुला काय, जीपची सवय आहेच."

सवय! तीन वर्षं ज्याला मी सोसणं म्हणत होते, त्याला या माणसानं एका शब्दात सवय करून टाकलं. माझी कानशिलं तापली. पण मामा बसलेले होते, त्यामुळं मी कप उचलून आत गेले.

मामा तेवढं म्हणाले, "दुपारपतोर काढून देतो." मला बरं वाटलं. मामा माझ्या गाडी चालवण्याच्या बाजूचे होते की विरोधातले, हे मला वर्षभरात कळलं नव्हतं. माझ्यासोबत कुठं जायची वेळ आली तर ते मागच्या सीटवर बसत, दारावरचा दांडा घट्ट धरत आणि डोळे मिटून घेत. पुढं या म्हटलं तर म्हणत, "मागं हवा चांगली लागती." तरी त्यांनी शब्द दिला होता, आणि मामांचा शब्द म्हणजे झालेलं काम.

रविवारी नाष्टा उरकून काम सुरू झालं. मामांनी चाकं सरळ केली, स्टिअरिंगचं चाक सरळ धरलं आणि ते हलू नये म्हणून पंच्यानं सीटच्या दांडीला बांधून टाकलं. मग खाली डोकं घालून आडवे झाले. डाव्या बाजूच्या सीटवर टॉर्च घेऊन मी. आमच्याकडं घरातल्या कुठल्याही दुरुस्तीत बाईला टॉर्च देतात. उजेड पाडायचा, काय दिसतंय ते बोलायचं नाही.

"टॉर्च हलू दिऊ नको," आतून आवाज आला.

थोड्या वेळानं एक हात बाहेर आला. हातात बोल्ट. तो मी स्टीलच्या वाटीत टाकला. बऱ्याच खटपटीनंतर हात पुन्हा बाहेर आला, हातात दुसरा बोल्ट. "झाले दोन्ही," मामा म्हणाले. मी फडक्यानं पुसले. एक चांगला बोटभर लांब होता. दुसरा त्याच्या निम्मा. मला वाटलं, असतील वेगवेगळे. पातेल्यांची झाकणं तरी कुठं एकसारखी असतात?

मग मामांनी कपलिंग ओढलं. वरचं टोक सुटलं. खालचं हललं नाही.

पान्याच्या दांड्यानं रेटलं. हललं नाही. हातोडीनं खालून दोन टोले दिले. गाडी हलली, ते हललं नाही. आणि पहिल्या टोल्याबरोबर गल्ली जमा झाली.

आधी आले समोरचे काका. वीजमंडळाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. हे येताना स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन येतात. मग शेजारचे भाऊ, विहारातून वंदना करून थेट आलेले, अंगावर पांढरेशुभ्र कपडे, त्यामुळं ते गाडीपासून हातभर लांब राहून मोबाइलमधल्या व्हिडिओंवरून मार्गदर्शन करत होते. आणि शेवटी कोपऱ्यावरचे चाचा. यांचं छावणीत वेल्डिंगचं दुकान आहे. या तिघांत लोखंडाशी खरा संबंध असलेला माणूस तेवढा एकच, आणि बोलले तेही सगळ्यात कमी.

"बोल्ट काढले ना?" काकांनी विचारलं.

"दोन्ही," मामा म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. मी वाटी पुढं केली. काकांनी वाटीत बघितलं. दोन बोल्ट होते. भाऊंनी बघितलं. दोनच होते. "मग गंजच आहे," काका म्हणाले, आणि "हं" म्हणून खुर्चीत बसले.

त्यानंतर दोन तास त्या गंजावर जे उपचार झाले ते मी कुठल्या माणसावर झालेले पाहिले नाहीत. गंज सोडवायच्या फवाऱ्याचा अख्खा डबा संपला. भाऊंच्या व्हिडिओत कुणीतरी उकळतं पाणी ओतत होतं, म्हणून मला पातेलंभर पाणी तापवायला पाठवलं. त्यातलं चमचाभर कपलिंगवर पडलं आणि बाकीचं गाडीच्या गालिच्यात मुरलं. काकांचं म्हणणं पडलं की उन्हानं लोखंड फुगतं, तेव्हा गाडीचं तोंड उन्हाकडं करू या. मग पाच जणांनी मिळून गाडी ढकलून फिरवली आणि मामांनी पुढची चाकं परत सरळ करून घेतली. चाचा म्हणाले, "गॅस लाके जरा गरम करूं क्या?" तर आत्या दारातूनच ओरडल्या, "माझ्या दारात जाळपोळ नको!" मध्ये दोनदा चहा झाला. तो मीच केला.

तो दुसरा चहा देऊन मी पुन्हा टॉर्च धरला तेव्हा गाडीचं तोंड फिरल्यामुळं मी जरा वेगळ्या कोनातून आत वाकले होते. आणि मला तो दिसला. कपलिंगच्या खालच्या टोकाला, गंजानं तांबूस झालेलं, सहा कडांचं डोकं. तिसरा बोल्ट. म्हणजे खरा दुसरा. तो जिथं बसायचा तिथंच बसलेला होता आणि दांड्याला असलेल्या खाचेत त्यानं कपलिंग अडवून धरलं होतं. जवळच पेडलच्या वरची एक पत्र्याची पट्टी लोंबकळत होती. वाटीतला आखूड बोल्ट तिचा होता. मामांनी हातानं चाचपून काढला होता, आणि हाताला बोल्ट लागला म्हणजे तो तोच, असं धरून चालले होते.

"मामा," मी म्हटलं, "तो खालचा…"

"टॉर्च हलतोय."

"नाही, मला असं दिसतंय की…"

"तुला काय दिसतंय ते ऱ्हाऊ दे. मला दिसू दे."

मग चहाचे कप न्यायच्या निमित्तानं नवऱ्याला बाजूला घेतलं. "अहो, खालचा बोल्ट आतच आहे. तुम्ही सांगा त्यांना."

तो कुजबुजला, "सगळ्यांसमोर? बाबांना? तू वेडी आहेस का?" आणि मग जरा थांबून म्हणाला, "मलाही तसंच वाटलं होतं."

मलाही वाटलं होतं म्हणे! मी तिथंच थबकले. मग मी परत येऊन टॉर्च धरला आणि या वेळी कपलिंगकडं न बघता माणसांकडं बघत राहिले. काका आत वाकले. त्यांची नजर खाली गेली, तिथं थांबली, वर आली. "हं," काका म्हणाले, "गंज फार आहे." भाऊ कपडे सावरत वाकले, त्यांनी मोबाइलनं फोटो काढला, तो मोठा करून बघितला, आणि मोबाइल खिशात टाकला. चाचा तर सकाळीच एकदा वाकले होते आणि तेव्हापासून नजर चुकवत होते. प्रत्येकाला दिसला होता. प्रत्येकानं वाटीत बघितलं होतं, वाटीत दोन होते, आणि मामा "दोन्ही" म्हणाले होते. गाडीतल्या बोल्टापेक्षा वाटीतला बोल्ट खरा मानायचा, असं आमच्या गल्लीनं न बोलता ठरवून टाकलं होतं. मानाच्या माणसाला चूक सांगण्यापेक्षा हातोडी मारलेली बरी.

मी त्यांच्यावर चिडले, पण मला तरी कुठं धाडस होत होतं?

दीड वाजता मंडळी जेवायला पांगली. मामा जेवून आडवे झाले. दोन तास ओढून ओढून ते दमले होते. आत्या आणि नवरा टीव्हीसमोर. साहेब सहाला येणार होते. मी बारा नंबरचा पाना घेतला आणि चपला न घालता बाहेर गेले.

सगळ्यात आधी आत शिरायला जागा होईना, म्हणून स्टिअरिंगला बांधलेला पंचा सोडला. मग आडवी होऊन डोकं आत घातलं. टॉर्च दातात धरला. धरायला दुसरं कुणी नव्हतं. पान्याचा पहिला हिसका माझ्या मनगटाला बसला, दुसराही तिथंच बसला, तिसरा बोल्टाला. सकाळभर ओतलेल्या फवाऱ्याचा फायदा शेवटी मला झाला. बोल्ट फिरला, आटे सुटत गेले, आणि तो माझ्या हातात आला. मग मी कपलिंगला नुसती दोन बोटं लावली. ते लोण्यातून निघाल्यासारखं वर आलं.

इतका आनंद मला पगारवाढीचाही झाला नव्हता. मी तिथंच पडल्या पडल्या हसले. आणि लगेच घाबरले. आता हे बाहेर जाऊन सांगणार कोण? सत्तरी उलटलेल्या माणसाला उठवून, मामा, तुमचा काढायचा राहिलेला बोल्ट मी काढला, असं म्हणणार? म्हणून मग मी काय केलं? कपलिंग पुन्हा जसंच्या तसं दात्यांवर बसवलं. पंचा अंदाजानं पुन्हा बांधला. बोल्ट ओढणीच्या टोकात बांधला. आणि आत जाऊन भांडी घासायला लागले. सकाळभर ज्यांच्यावर मी चिडत होते, त्या रांगेत मी बिनबोभाट जाऊन उभी राहिले.

साडेतीनला दुसरा अंक सुरू झाला. सगळे आपापल्या जागी. मामांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी कपलिंग धरलं आणि सगळा जोर लावून ओढलं. ते असं झटकन निघालं की मामांचं कोपर सीटच्या दांडीवर आपटलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, ऊन लागलं की लोखंड सैल पडणारच. भाऊ म्हणाले, गरम पाण्याला तेवढा वेळ द्यावा लागतो, व्हिडिओत सांगितलंच होतं. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी टॉर्चकडं बघितलं.

मामांनी जुनं कपलिंग उजेडात धरलं, अंगठा दात्यांवरून फिरवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग नवं कपलिंग बसवलं. वरच्या टोकाला लांब बोल्ट आवळला. "दुसरा दे."

मी वाटीतला आखूड बोल्ट दिला. तो छिद्रात गेला आणि पलीकडच्या आट्यांपर्यंत पोचलाच नाही.

"ह्यो न्हवं. दुसरा."

"दोनच आहेत, मामा."

मग बोल्टाचा शोध सुरू झाला. गाडीखाली शोधला, गटारीच्या जाळीत शोधला, तुळशीच्या कुंडीत शोधला. भाऊंनी पांढरे कपडे विसरून गुडघे टेकले. आत्यांनी केरसुणी आणली. जो बोल्ट सकाळपासून सगळ्यांना दिसत होता आणि कुणी पाहिलेला नव्हता, तो आता गल्लीभर शोधत होते, आणि तो माझ्या ओढणीत माझ्या मांडीला टोचत होता. मीही शोधत होते. खाली वाकून, चेहऱ्यावर काळजी आणून.

पाच वाजून गेले. साहेबांचा फोन आला, निघालोय. नवरा कावराबावरा झाला. "बाबा, हाच घाला ना. वॉशर लावून ठोका. आत्तापुरतं बसेल."

"बसेल की," काका म्हणाले. "तात्पुरतं काय, चालतं."

मी चाचांकडं बघितलं. हा माणूस लोखंडावर पोट भरतो. आट्यांत न शिरलेला बोल्ट स्टिअरिंगला लावला तर तलावाच्या वळणावर काय होईल, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. चाचा स्वतःच्या चपलांकडं बघत उभे होते. आणि मामांच्या हातात, मला दिसलं, वॉशर आला होता. ते दमले होते. त्यांना ते संपवायचं होतं. उद्या सकाळी त्या गाडीत मी बसणार होते, आणि या सगळ्या आदबीखाली माझा जीव जाणार होता.

मी ओढणीची गाठ सोडली.

"मामा, हा घ्या."

मामांनी बोल्ट घेतला. लांबी बोटावर मापली. "कुठं व्हता?"

"तिथंच. खालच्या टोकाला. सकाळी तो निघालाच नव्हता. तुम्ही काढला तो त्या पट्टीचा होता. हा मी जेवणाच्या वेळी काढला आणि कपलिंग परत बसवून ठेवलं."

आत्या दारातून म्हणाल्या, "कुणापुढं बोलतीस…" मामांनी हात वर केला, तशा त्या थांबल्या.

मामा काकांकडं वळले. "तुम्ही वाकला व्हता आत."

"हो, म्हणजे… मला वाटलं तुम्ही काही विचार करूनच ठेवला असेल."

"चाचा, तुमाला दिसला?"

"दिखा था, भाई," चाचा म्हणाले. "पन आप बोले निकाला, तो निकाला. आपके सामने हम क्या बोलते?"

मामांनी मुलाकडं बघितलं. मुलानं मोबाइलकडं बघितलं.

"म्हंजे समद्यांला दिसला," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. "माझ्या मशीनशॉपमधी चाळीस माणसं व्हती. एक जरी असा गप बसला असता तर कुनाचा तरी हात गेला असता. म्या त्यांला सांगायचो, मी चुकलो तर आधी मशीन बंद करा, मंग माझी इज्जत बघा." ते जरा थांबले. मग म्हणाले, "कव्हापासून चाललंय ह्ये?"

भाऊ गुडघ्यांवरची माती झटकायला लागले.

"त्यो हॉलमधला पंखा," मामा म्हणाले. "वाजतो का?"

नवऱ्यानं मान खाली घातली. आत्या दाराची कडी चाळवायला लागल्या. आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

"वाजतो, मामा," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

मामांनी मान हलवली. पुन्हा आत डोकं घातलं आणि बोल्ट बसवला. किती वेळ आवळत होते कोण जाणे. मी टॉर्च धरून होते आणि तो माझ्या हातात चांगला हलत होता, पण मामा काही म्हणाले नाहीत. काका खुर्ची घेऊन घरी गेले.

साहेब सहाला आले. हात मागं बांधून गाडीत डोकावले आणि "हं" म्हणाले. नवरा काही बोलणार, तेवढ्यात मामा हात पुसत म्हणाले, "गाडी द्यायची नाय. ती रोज शाळेत जाती." साहेबांना चहा दिला. तो त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यानं केला, आणि त्यात साखर नव्हती, असं मी त्याला सांगितलं.

मग मामांनी किल्ली मला दिली आणि वळसा घालून पुढचं डावीकडचं दार उघडलं. पुढं बसले. बेल्ट लावला. मी हवेबद्दल काही विचारलं नाही.

जालना रोड ओलांडून आम्ही हर्सूलकडं निघालो. ऊन उतरलं होतं. पहिलं वळण, दुसरं वळण. टकटक गेली होती. तलावाजवळच्या त्या वळणावर मामांनी डोळे मिटले नाहीत. हात मांडीवर होते.

"आवाज गेला," ते म्हणाले.

"गेला."

"मंग तोंड का असं?"

रस्ता सरळ होता, गाडी सरळ चालली होती, आणि माझ्या हातातलं चाक मात्र थोडंसं डावीकडं कललेलं होतं. मला पहिल्या शंभर पावलांतच कळलं होतं. का झालं तेही कळलं होतं. हे सांगितलं नसतं तरी गाडी वर्षानुवर्षं चालली असती, पंख्यासारखी.

"मामा, स्टिअरिंग वाकडं बसलंय. एखादा दात चुकला. तुम्ही सकाळी सरळच बांधलं होतं. मी दुपारी आत शिरायला पंचा सोडला आणि परत अंदाजानं बांधला. माझ्या हातून झालं."

मामांनी चाकाकडं बघितलं, समोर रस्त्याकडं बघितलं, पुन्हा चाकाकडं. हर्सूलच्या कारागृहाची लांबलचक भिंत मागं पडली.

"व्हय," ते म्हणाले. "वाकडंच हाय. पुढल्या रविवारी परत खोलावं लागंल."

"हो."

"पाना तू धरायचा. टॉर्च म्या धरतो," मामा म्हणाले. "हलला तर सांग."